पत्ता आपला, किल्ली कुणाची?

वर्धा जिल्ह्यातील गावांची यादी वाचायला घेतली, की कंसांचा सुळसुळाट नजरेत भरतो. तळेगाव (श्यामजीपंत) वेगळे आणि तळेगाव (टालाटुले) वेगळे. खरांगणा (मोरांगणा) एक, खरांगणा (गोडे) दुसरा. वायगाव (निपाणी) म्हटले की एक गाव डोळ्यांसमोर येते, वायगाव (हळद्या) म्हटले की हळदीसाठी नावाजलेले दुसरे. वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागले की येणारी आंजीही कागदोपत्री नुसती आंजी नाही; ती आंजी (मोठी). बोलताना हा कंस कोणी उच्चारत नाही. पाकिटावर मात्र तो लिहायचा राहिला, तर पत्राला वाट चुकायला निमित्त मिळते, कारण शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीजवळही एक आंजी आहेच. पश्चिम महाराष्ट्रात बुद्रुक आणि खुर्द हे शब्द जे काम करतात, ते या भागाने कंसावर सोपवले आहे.

पत्त्यापायी गावाचे नाव बदलल्याचे देशातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही याच जिल्ह्यातले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले आणि त्या आडगावी जगभरातून टपालाचा पाऊस सुरू झाला. पंचाईत अशी, की बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचे शेगाव होते, तेही रेल्वेच्या मुख्य मार्गावर. एका अक्षराचा फरक. तारा आणि पत्रे तिकडे जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. सेवेचा अर्थ त्या नावात आहेच, पण नाव बदलण्याची निकड टपालाने आणली होती.

पुढे टपाल खात्याने नावांच्या या गोंधळावर आकड्यांचा उतारा काढला. श्रीराम भिकाजी वेलणकर हे खात्यातले मराठी अधिकारी, संस्कृतचे व्यासंगी पंडित आणि नाटककार. त्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन क्रमांक आला. पहिला ४ दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्यातले. ४४२ दिसले की वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे. शब्द चुकला, कंस राहिला, तरी आकडा सांभाळून घेतो.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की आता आंजीच्या प्रत्येक घराकडे आणखी एक पत्ता मागितला जातो. मुलाचा प्रवेश असो, शिष्यवृत्ती असो, नोकरीचा अर्ज असो की नवा फोन सुरू करणे असो, ‘ई-मेल आयडी?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तरही ठरलेले : ‘तुम्हीच टाका ना भाऊ एखादा.’ घराचा पत्ता कोणी असा दुसऱ्याला ‘टाकायला’ सांगेल काय? पण या पत्त्याचे वजन अजून आपल्या ध्यानात आलेले नाही, आणि ते यायचे तर हे टपाल चालते कसे, हे थोडे खोलात जाऊन पाहायला हवे.

वेटोळ्यातला ए

१९७१ साल संपत आले होते. अमेरिकेतील केंब्रिज गावी बीबीएन नावाच्या कंपनीत रे टॉमलिन्सन हा अभियंता काम करीत होता. एकाच संगणकावर काम करणाऱ्यांनी एकमेकांसाठी निरोप ठेवण्याची सोय तेव्हाही होती. म्हणजे एकाच वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंनी जिन्याखाली चिठ्ठी ठेवावी तशी. टॉमलिन्सनने चिठ्ठी एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात नेली. दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी शेजारी होते, पण त्यांना जोडणारा मार्ग होता तो अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘अर्पानेट’ या जाळ्याचा. माणसाचे नाव कुठे संपते आणि यंत्राचे कुठे सुरू होते हे दाखवायला त्याला एक खूण हवी होती, जी कोणाच्या नावात सापडणार नाही. त्याने कळफलकावरचा, वेटोळे घातलेला ए उचलला. पहिल्या निरोपात काय लिहिले होते, हे त्यालाही पुढे नीट आठवत नव्हते. रोमन कळांची पहिली ओळ असावी, असे तो म्हणे.

ही खूण व्यापाऱ्यांच्या हिशेबातली. ‘दहा नग, दर पाच रुपये’ यातला ‘दर’ म्हणजे ती. आपल्याकडे तिची ओळख बिलबुकातूनच झाली होती, म्हणून साऱ्या जगाने तिला ‘ॲट’ म्हटले तरी आपण आजही ‘ॲट द रेट जीमेल डॉट कॉम’ असेच सांगतो. कोणी हसले तर हसू द्यावे. खुणेचा मूळ धंदा आपण विसरलो नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या खुणेच्या डावीकडे माणूस आणि उजवीकडे घर. उजवीकडचा भाग वाचायचा तो शेवटाकडून. ‘मु. पो. आंजी (मोठी), ता. जि. वर्धा’ असे आपण लिहितो, पण टपाल निवडणारा आधी जिल्हा पाहतो, मग गाव आणि सर्वांत शेवटी माणूस. संगणकही तसेच करतो. जिल्हा प्रशासनाचे नाव ‘वर्धा डॉट गव्ह डॉट इन’ असे आहे. यात ‘इन’ म्हणजे भारत, ‘गव्ह’ म्हणजे सरकार आणि ‘वर्धा’ म्हणजे वर्धा. म्हणूनच एखाद्या फसव्या पत्त्यात मध्येच कुठेतरी ‘गव्ह’ घुसडलेले असले आणि शेवट भलताच असला, तर ते पत्र सरकारी नाही, हे शेवटची दोन पदे पाहून कोणालाही ओळखता येते.

आंजीच्या मंडळींच्या पत्त्यात मात्र आंजी कुठेच नसते. ‘जीमेल डॉट कॉम’ हे घर कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीचे. गाव, तालुका, जिल्हा सारे गळून पडले आणि राहिले फक्त नाव. ते नाव साऱ्या जगात एकमेव असावे लागते. आपल्या आधी त्याच नावाच्या कोणीतरी ते घेतलेले असते, म्हणून मागे जन्मसाल चिकटवायचे, गाडीचा क्रमांक चिकटवायचे. गावांच्या कंसाचे काम इथे आकडे करतात, आणि सेगाव-शेगावचा घोळ इथेही होतोच. एक आकडा चुकला, की गुणपत्रिका कोण्या अनोळखी माणसाकडे जाते. पत्र परत येत नाही, कारण त्या पत्त्यावरही माणूस राहत असतो.

गंमत म्हणजे, ई-मेलच्या व्याकरणात कंसालाही जागा आहे. पत्त्यात कंसात काही लिहिले, तर ती माणसासाठी केलेली टीप समजावी आणि यंत्राने ती सोडून द्यावी, असा नियम आहे. व्यवहारात आजचे अर्ज असला पत्ता स्वीकारत नाहीत. पण नियमाप्रमाणे पाहिले तर (मोठी) वगळले जाईल आणि आंजी तेवढी उरेल.

यंत्रांचे संभाषण

‘पाठवा’ ही कळ दाबली की पत्र थेट समोरच्याच्या फोनवर उडी मारते, असा आपला समज असतो. तसे होत नाही. ते आधी आपल्या कंपनीच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जाते. आपले हे जवळचे टपाल कार्यालय. तो सर्व्हर पत्त्याची उजवी बाजू वाचतो आणि इंटरनेटच्या नावनिशी वहीत शोधतो, की या घराचे टपाल कोण स्वीकारतो. ही नोंद घराच्या मालकाने करून ठेवायची असते. मग दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात. त्यांचे बोलणे ठरले ते १९८२ मध्ये, ‘सिंपल मेल ट्रान्सफर प्रोटोकॉल’ या नियमावलीने. ती लिहिणाऱ्याचे नाव होते जॉन पोस्टेल. टपालाच्या कायदेकाराचे आडनाव याहून समर्पक कोणते असणार!

बोलणे मोठे साधे आहे. पहिला म्हणतो ‘हेलो’, आणि इंग्रजीत तो एकाच ‘एल’ने लिहितो, कारण आज्ञा चार अक्षरी ठेवण्याची पद्धत. दुसरा आकड्यात उत्तर देतो : २५०, म्हणजे ठीक. ‘अमक्याकडून पत्र आहे.’ २५०. ‘तमक्यासाठी आहे.’ तसा माणूस तिथे असेल तर २५०, नसेल तर ५५०. मग मजकूर येतो, आणि एका ओळीत एकटेच टिंब आले की पत्र संपले. दुसरा सर्व्हर बंद पडलेला असेल तर पहिला पत्र फेकून देत नाही. थोड्या वेळाने पुन्हा जातो, पुन्हा जातो, चार-पाच दिवस दार ठोठावतो आणि नाइलाज झाल्यावरच ‘पोचले नाही’ असे आपल्याला कळवतो. आंजीत वीज गेली, रेंज गेली, तरी ई-मेल हरवत नाही तो यामुळे. तो सर्व्हरवर वाट पाहत पडून राहतो आणि फोन जागा झाला की खाली उतरतो.

या संभाषणात एक मोठी उणीव होती. ‘अमक्याकडून पत्र आहे’ असे पहिल्याने म्हटले, की दुसरा ते खरे मानून चालत असे. १९८२ साली या जाळ्यावर होते कोण? विद्यापीठे आणि प्रयोगशाळा. पाकिटाच्या मागे कोणी खोटे नाव लिहील असे कोणाच्या मनात आले नाही. खरे तर चाहूल त्याआधीच लागली होती. मे १९७८ मध्ये गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या काहीशे लोकांना एकदम धाडली. नको असलेल्या टपालाचा तो पहिला नमुना मानला जातो. आज बँकेच्या, प्राप्तिकर खात्याच्या, कुरिअरच्या नावाने येणारी खोटी पत्रे त्या जुन्या भाबडेपणाचा फायदा घेतात. अलीकडे पाठवणाऱ्याची खातरजमा करण्याच्या सोयी निघाल्या आहेत. घराच्या मालकाने आपल्या वतीने कोण टपाल टाकू शकतो हे जाहीर करायचे आणि पत्रावर न दिसणारी मोहोर उमटवायची. पण त्या नंतर जोडलेल्या आहेत, आणि जुन्या घराला नंतर लावलेली कुलपे जशी असतात तशाच आहेत.

‘आंजी’ची सोळा चिन्हे

मराठी माणसाला ई-मेलमध्ये मराठी लिहिता यायला फार वर्षे लागली. मूळ नियमात १२८ चिन्हांचीच सोय होती : रोमन अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि काही यांत्रिक खुणा. त्यामुळे नव्वदच्या दशकात अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाचे पत्र रोमन लिपीतल्या मराठीत येई. वाचताना ‘दात’ की ‘डाट’ असा प्रश्न पडे. शिवाजी, शुषा अशा फाँटांमध्ये कोणी हौसेने मराठी टाइप करून पाठवलेच, तर तोच फाँट दुसऱ्या टोकाला असावा लागे. नसला तर पडद्यावर अगम्य रोमन अक्षरांचा चिवडा.

१९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ नावाची तोड काढली. मजकूर कुठल्याही भाषेतला असो, छायाचित्र असो की ध्वनी, त्याचे जुन्या नियमांना चालतील अशा साध्या चिन्हांत रूपांतर करायचे आणि वर चिठ्ठी लावायची, की आत काय आहे आणि ते कसे उलगडायचे. पत्राला ‘जोडपत्र’ जोडता येऊ लागले ते यामुळे. आज मराठी मजकूर जातो तो युनिकोडमध्ये. ‘आंजी’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. यंत्राला तो चार खुणांचा दिसतो : आ, अनुस्वार, ज आणि दीर्घ वेलांटी. प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे बारा. माइमच्या प्रचलित पद्धतीत दर तीन बाइटांची चार रोमन चिन्हे होतात, म्हणजे सोळा. त्यातला एकटा ‘आ’ वाटेत ‘४, के, एस, जी’ असा वेष घालून प्रवास करतो आणि मुक्कामी पोचल्यावर पुन्हा ‘आ’ होतो. विनोबांच्या पवनारहून कोणी आंजीला मराठीत दोन ओळी लिहिल्या, तरी त्या बहुधा या वेषांतरातून जातात.

मजकूर मराठीत आला, पत्ता मात्र रोमनच राहिला. तोही देवनागरीत असावा यासाठीचे जागतिक नियम २०१२ मध्ये ठरले, २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हे देवनागरी नाव सुरू झाले आणि २०१६ मध्ये जयपूरच्या एका कंपनीने देवनागरी पत्त्याची सेवाही आणली. पण सोय असणे वेगळे आणि अर्जाच्या रकान्याने ती मानणे वेगळे. देवनागरी पत्ता टाकला की बहुतेक ठिकाणी लाल अक्षरांत ‘पत्ता अवैध’ असे उत्तर मिळते.

जुहूपासून आंजीपर्यंत

आपल्या देशात ई-मेल प्रथम रुजला तो संशोधन संस्थांत, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘अर्नेट’ प्रकल्प हाती घेतला. जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे ‘एनसीएसटी’, आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनच्या तारेवरून पत्रे जाऊ लागली. एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी हे त्यातले एक अग्रणी. एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेले टपाल द्यायचे-घ्यायचे आणि फोन ठेवायचा, असा तो प्रकार. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, पण ते महानगरांपुरते आणि ज्याच्याकडे टेलिफोन, मोडेम आणि संगणक आहे त्याच्यापुरते.

गावापर्यंत ई-मेल यायला खरी कारण ठरली ती वेगळीच गोष्ट. तोपर्यंत पत्ता संस्थेचा किंवा कनेक्शनचा असे. नोकरी सुटली की पत्ताही सुटला. ४ जुलै १९९६ रोजी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ‘हॉटमेल’ सुरू केले. कुठल्याही संगणकावर बसा, आपली पेटी उघडा, वाचा, बंद करा. पत्त्यासाठी स्वतःचा संगणक असण्याची गरजच उरली नाही. त्यातूनच सायबर कॅफेचे ते दिवस आले. वर्ध्याच्या पालकाने तासाचे पैसे मोजून परदेशातल्या मुलाचे पत्र छापून घ्यायचे आणि कॅफेवाल्याने ते देता देता ‘पोरगं मजेत आहे, काका’ असे सांगायचे. पूर्वी पोस्टकार्ड देताना पोस्टमन जे सांगे, तेच.

टपाल खात्यानेही मधला एक दुवा काढला होता. जानेवारी २००४ मध्ये ‘ई-पोस्ट’ सुरू झाली. निरोप ई-मेलसारखा जायचा, जवळच्या कार्यालयात छापला जायचा आणि पोस्टमन तो घरी आणून द्यायचा. पानाला दहा रुपये. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याच्यासाठी ही कल्पना फार चांगली होती, असे मला आजही वाटते. तिचे व्हावे तेवढे कौतुक झाले नाही, कारण तोवर सगळे मोबाईलकडे पाहू लागले होते.

आंजीचा नवलाईचा भाग असा, की हे गाव ई-मेलच्या जुन्या, अभ्यासू जगाला आधीच परिचित होते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा, सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभारलेल्या त्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचा, आंजीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी जुना संबंध. २००३ ते २००८ या काळात आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन आरोग्य केंद्रांच्या हद्दीतील ६७ गावांत बालजीवित्वाचा मोठा लोकाधारित कार्यक्रम झाला. या परिसरातील माता, बालके, किशोरी यांच्या आरोग्यावरचे निबंध वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. अशा निबंधाच्या पहिल्या पानाखाली लेखकाचा ई-मेल पत्ता असतो. आफ्रिकेतल्या एखाद्या डॉक्टरला नवजात बाळांच्या काळजीबद्दल शंका आली, तर तो त्या पत्त्यावर लिहू शकतो. सविस्तर, सावकाश, जोडपत्रासह लिहिलेले आणि दहा वर्षांनी शोधले तरी सापडणारे पत्र हा ई-मेलचा मूळ उपयोग, आणि तो अशा कामांत आजही टिकून आहे.

रकान्यातला पत्ता

गावातल्या बाकीच्यांनी ई-मेलवर पत्रे लिहिण्याचा टप्पा जवळपास ओलांडूनच टाकला. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आले, बोलणे व्हॉट्सॲपवर गेले, आणि ई-मेल उरला तो रकान्यात भरण्यापुरता. आंजीच्या कापूस-सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला विचारा, ई-मेल आहे का? ‘नाही’ म्हणेल. पण त्याच्या खिशातला अँड्रॉइड फोन गूगलच्या खात्याशिवाय नीटसा चालत नाही. म्हणजे पत्ता आहे. फोन विकताना दुकानदाराने तो तयार केला, परवलीचा शब्द त्यानेच ठरवला आणि तो आता कोणालाच आठवत नाही.

मुलांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. सामायिक प्रवेश परीक्षा, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, लोकसेवा आयोगाची नोंदणी, सगळीकडे ई-मेल मागतात. ‘नीट’सारख्या परीक्षा घेणारी राष्ट्रीय संस्था तर माहितीपत्रकात स्पष्ट बजावते, की पत्ता आणि मोबाईल उमेदवाराचा स्वतःचा किंवा पालकाचाच असावा. एवढेच कशाला, ग्रामीण डाक सेवक व्हायचे तरी नोंदणीला चालू ई-मेल पत्ता लागतो! पत्रे वाटण्याची नोकरी हवी असेल, तर आधी या दुसऱ्या टपालात आपले घर असले पाहिजे.

आणि हे घर बांधून देतो कोण? सेवा केंद्राचा चालक. तो वाईट माणूस नसतो. जूनच्या गर्दीत त्याच्यासमोर वीस मुले उभी असतात, संकेतस्थळ मध्येच बंद पडते, मुदतीचा शेवटचा दिवस असतो. तो भराभर पत्ते तयार करतो, सगळ्यांना एकच परवलीचा शब्द देतो, वहीत लिहून ठेवतो. खाते परत मिळवण्यासाठीचा मोबाईल क्रमांक विचारला, की स्वतःचाच टाकतो, कारण मुलाचा फोन घरी असतो किंवा बापाच्या नावावर असतो. अर्ज भरला जातो. मुलगी घरी येते. ऑगस्टमध्ये प्रवेशफेरीचे पत्र येते ते त्या पेटीत, आणि पेटीची किल्ली असते वर्ध्याच्या वहीत. केंद्र बंद झाले, चालक बदलला, वही हरवली, की परवलीचा शब्द बदलून मागण्याचा संदेशही जुन्या चालकाच्याच फोनवर जातो. आपल्या नावाच्या घरात आपल्यालाच प्रवेश नाही.

यावर ‘मला पत्र मिळालेच नाही’ असे म्हणता येते का? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे कलम १३ सांगते, की पत्र घेण्यासाठी तुम्ही जो संगणकीय पत्ता नेमून दिला असेल, त्यात पत्र शिरले त्या क्षणी ते तुम्हाला मिळाले असे धरायचे. दोघांत वेगळे काही ठरले नसेल तर हाच नियम. उघडलेत की नाही, वाचलेत की नाही, याचा त्यात उल्लेख नाही. नोंदणीकृत टपालाला निदान सही घ्यायला पोस्टमन दारात उभा राहत असे. इथे रकान्यात पत्ता भरला, तीच सही. अर्जावर कोणीतरी ‘टाकलेला’ पत्ता अशा रीतीने कायद्याच्या नजरेत आपले राहते घर होऊन बसतो.

मोबाईल क्रमांक आहेच की, असे काहींना वाटते. पण रिचार्ज थांबला आणि क्रमांक बंद झाला, की आपल्या देशात ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. हंगाम बुडालेल्या वर्षी घरातल्या दोनपैकी एका फोनचा रिचार्ज थांबणे ही काही नवलाची गोष्ट नाही. त्या क्रमांकावर जाणारे सरकारी संदेश मग तिसऱ्याच माणसाला वाचायला मिळतात. ई-मेलचा पत्ता त्या मानाने टिकाऊ. रिचार्ज नाही, भाडे नाही, एका कंपनीचा पत्ता दुसऱ्या कंपनीच्या पत्त्याशी बोलू शकतो. व्हॉट्सॲपवरून दुसऱ्या ॲपवाल्याला सहज लिहिता येत नाही. जीमेलवरून रेडिफमेलवाल्याला येते, कारण पोस्टेलची नियमावली कोणा एकाच्या मालकीची नाही. फक्त पेटी अधूनमधून उघडायला हवी. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकले जाऊ शकते. बारावीला उघडलेली आणि पदवीनंतरच्या अर्जासाठी आठवलेली पेटी तोवर राहीलच, याची खात्री नाही.

तेव्हा अर्ज भरायला जाताना आधारकार्ड, गुणपत्रिका, छायाचित्र यांच्या जोडीला घरचा फोनही बरोबर न्यावा. पत्ता चालकाने तयार केला तरी हरकत नाही, पण परवलीचा शब्द मुलीने स्वतः टाइप करावा आणि चालकाने तेवढा वेळ मान वळवावी. परतीचा क्रमांक घरातला द्यावा, तोही ज्याचा रिचार्ज सहसा चुकत नाही अशा माणसाचा. पत्ता आणि परवलीचा शब्द सातबारा ज्या पेटीत ठेवतो त्याच पेटीत कागदावर लिहून ठेवला तरी चालेल. शहरी तज्ज्ञ नाके मुरडतील, पण सेवा केंद्राच्या वहीपेक्षा घरातली पेटी कधीही बरी. उठण्याआधी त्याच पत्त्यावर एक पत्र पाठवावे, ते घरच्या फोनवर आलेले पाहावे आणि केंद्राच्या संगणकावरून बाहेर पडल्याची खात्री करावी. पाच मिनिटांचे काम आहे. ज्यांचे अर्ज आधीच भरून झाले आहेत, त्यांनी केंद्रात जाऊन चालकाला वही उघडायला सांगावी. बहुतेक वेळा तो नाही म्हणत नाही. नाव बोटाने दाखवावे आणि त्याच्या समोरच शब्द आणि क्रमांक बदलून घ्यावा.